बाहेरून तेवढीच नळी

शनिवार, ४

माझ्या रायफलीशी कोणीतरी खेळलं आहे. हे घरात बोलता येत नाही, कारण खेळणारा घरातला असण्याचा संभव आहे. क्लबात बोलता येत नाही, कारण शस्त्रखोलीची किल्ली माझ्याकडे असते आणि पहिलं बोट माझ्याकडेच वळेल. म्हणून ही वही. कॉलेज सुटल्यापासून मी पत्रं आणि तक्रारी सोडून काही लिहिलेलं नाही, तेव्हा भाषेची हौस इथे भागवायची नाही. जे दिसलं ते लिहायचं.

दिसलं ते असं. आज उभं राहून मारायच्या फेरीत पहिल्या गोळ्या मधोमध गेल्या आणि पुढच्या एकेक करून खाली उतरल्या, जिना उतरावा तशा. काडतुसं नेहमीच्याच डब्यातली. वारा नव्हता. नेम धरायची साइट तपासली, ती जागच्या जागी आहे. उरते रायफल. ती पुढून जड झाली आहे. सव्वीस इंची नळीची ही रायफल मी इतकी वर्षं उचलते, तिचं पुढचं ओझं मला पाठ आहे. आज ते जास्त होतं.

हात माझाच आहे, त्याच्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. सकाळी जरा आखडतो, थंडीने.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी संघाची निवड आहे. रायफलीसाठी जागा एकच. दरवर्षी ती माझी असते. यंदा दुसरी दावेदार चिमणी, म्हणजे माझ्या धाकट्या दिराची मुलगी. तिला नेम धरायला मीच शिकवलं. सध्या एवढंच लिहून ठेवते.

सोमवार, ६

सामान तोलायचा आकड्याचा काटा क्लबात नेला आणि खोली आतून बंद करून रायफल टांगली. वजन मूळ कागदावर आहे तेवढंच भरलं. कुठे धरली की दोन्ही बाजूंनी समतोल राहते तेही पाहिलं. जागा तीच.

म्हणजे करणारा हुशार आहे.

गुरुवार, ९

घरातही काहीतरी चाललं आहे. पिठाचा मोठा डबा वरच्या फळीवरून खालच्या कप्प्यात आला आहे. मी आणलेला नाही. यांना विचारलं.

"मीच आणला. वर झुरळं होतात."

"आजवर झाली नाहीत ती?"

"अगं, झुरळं काय तुझी परवानगी काढून होणार आहेत?"

नोकरीत असताना यांना डबा कुठे असतो हेही माहीत नव्हतं. हल्ली ओले कपडेही स्वतः दोरीवर टाकतात. मी बादली उचलायला गेले की आधीच उचललेली असते. चाळीस वर्षांत ज्या माणसाला कपड्यांची आवड नव्हती त्याला ती एकाएकी कशी लागली? कुठेतरी पाणी मुरतं आहे.

संध्याकाळी चिमणी सरावाला आली. गेले सहा महिने ही मुलगी एका आखूड नळीसाठी नाचते आहे. तिची रायफल माझ्याच बनावटीची आहे. हल्ली म्हणे जाणकार लोक सतरा इंची नळी बसवतात आणि पुढे पोकळ नळकांडं जोडतात. पुढची साइट त्या नळकांड्यावर, म्हणजे नेमाची रेघ लांबच राहते, पण ओझं निम्मं.

"काकू, या काडतुसाची दारू सोळा-अठरा इंचांतच जळून संपते," ती म्हणाली. "पुढच्या नळीत गोळीला वेग मिळत नाही. उलट घासली जाते."

"मला शिकवतेस?"

"नाही हो. आणि गोळी जितका वेळ नळीत, तितका वेळ हाताच्या हलण्याचा परिणाम तिच्यावर. आखूड नळीतून ती लवकर सुटते. चाप ओढल्यावर हात हलला तरी…"

"हात हलू द्यायचाच कशाला? लांब नळी पुढून जड असते, ती डुलत नाही, संथ राहते. तिला धरायला ताकद लागते. ज्यांच्या मनगटात ती नाही त्यांनी आखूड वापरावी. किंवा बैठे खेळ खेळावेत."

तिने वाद सोडला. सहसा ती सोडत नाही. मग माझ्या खांद्याकडे बघून म्हणाली, "दुखतं का काकू?"

"काय दुखतं?"

"काही नाही."

खांद्याचं काय काढलं तिने? मनात भीती घालायची असेल. स्पर्धेत असं करतात लोक. फक्त घरातले करतील असं वाटलं नव्हतं.

शनिवार, ११

आजही जिना. शेवटच्या दोन गोळ्या तर पांढऱ्या कडेला. क्लबचे नवे सेक्रेटरी मागे उभे राहून बघत होते. हा माणूस बूट न वाजवता चालतो.

"मॅडम, ज्येष्ठ सभासदांसाठी टेबलावर टेकवून मारायचा वेगळा गट करायचा विचार आहे," म्हणाले.

"छान विचार आहे. सगळे ज्येष्ठ झाले की मला सांगा."

रायफल तडक भाऊजींच्या दुकानात नेली. भाऊजी, म्हणजे माझे हे धाकटे दीर, बंदुका दुरुस्त करतात. गावात परवाना असलेलं दुकान हे एकच. परवाना दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो आणि त्यांच्याविरुद्ध एक जरी अहवाल गेला तरी दुकानाला टाळं लागेल, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत असतात. म्हणून त्यांच्यावर विश्वास. निदान आजवर होता.

"पूर्ण उघडून बघा," मी सांगितलं. "कोणीतरी छेडछाड केली आहे."

त्यांनी रायफल खांद्याला लावली, खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं. "कोण करणार वहिनी? किल्ली तुमच्याकडे."

"तेच शोधायचं आहे."

"बरं. आठवडाभर राहू दे."

घरी आले तर हे फोनवर भाऊजींशी बोलत होते. मी दार लोटताच हे म्हणाले, "हो हो, हवा छान आहे." दोन भाऊ एका गावात राहतात आणि फोनवर हवेबद्दल बोलतात!

शुक्रवार, १७

रायफल परत आली. भाऊजी स्वतः क्लबात घेऊन आले, यांच्यासोबत. हे क्लबात कधी येत नाहीत, यांना आवाज सोसत नाही.

"काय निघालं?"

"थोडा कचरा होता वहिनी. साफ केलं. तोंडाशी एक कडं बसवलंय, धूळ जाऊ नये म्हणून. महिनाभर आत साफसफाईचा गज घालू नका."

"का?"

"तेल लावलंय खास. पुसलं जाईल."

बंदुकीतला कचरा आठवडाभर साफ करावा लागत नाही. आणि गज घालू नका असं सांगणारा कारागीर मी आजवर पाहिलेला नाही. मी टेप काढली आणि त्यांच्यादेखत नळी मोजली. हा माझा नेमच आहे. खोलीत येणाऱ्या प्रत्येक हत्याराचा नंबर बघायचा आणि नळी बाहेरून मोजायची. सव्वीस. नंबर तोच. मी सही केली.

टेप धरलेली असताना भाऊजींनी श्वास रोखला होता. सही झाल्यावर सोडला. मी बघितलं.

रविवार, १९

काय सांगू! रायफल नुसती खांद्याला लावली की जागेवर जाऊन बसते. एकही गोळी खाली उतरली नाही. म्हणजे माझं म्हणणं खरं होतं: कोणीतरी काहीतरी भरलं होतं आणि भाऊजींनी ते काढलं. नाव सांगायला घाबरतात. का? कारण नाव त्यांच्या घरातलं असणार.

आवाज मात्र वेगळा आला. रिकाम्या हंड्यात बोलल्यासारखा.

चिमणीचे नेम आज अगदीच सुमार. मी तिला सगळ्यांसमोर झापलं. "लक्ष कुठे असतं तुझं? ती तुझी सुप्रसिद्ध नळी कुठे आहे?"

"अजून आली नाही काकू."

"मग आहे त्यावर नीट मार."

"हो काकू," म्हणाली आणि हसली. झापलं असता हसणारी माणसं मला आवडत नाहीत.

बुधवार, २२

काट्यावर पुन्हा टांगली. मागच्यापेक्षा बरीच कमी भरली. इथपर्यंत ठीक: आत जे होतं ते गेलं. पण घरी येताना वाटेत लक्षात आलं की मागच्या वेळी वजन मूळ कागदाइतकंच होतं. मग आता मूळ वजनापेक्षाही कमी कशी? भरलेलं काढलं तर मूळ वजन उरलं पाहिजे. हे तर माझंच काहीतरी गेलं आहे.

तशीच वळून दुकानात गेले. भाऊजी बाहेर गेले होते. मागच्या भिंतीशी एक अरुंद, लांब खोका उभा होता, कोरा, वर चिमणीचं नाव. उचलून पाहिला. रिकामा.

नळी आली नाही म्हणते आणि नळीचा खोका आला आहे. ती नळी गेली कुठे? माझ्यापासून लपवून निवडीच्या दिवशी काढायची, असा बेत दिसतो.

घरी यांना म्हटलं, "तुमची पुतणी खोटं बोलते."

"कोणाचंही बोलणं तुला खरं कुठे वाटतं? परवा मी मीठ कमी आहे म्हणालो तर डबा उघडून बघितलास."

"कमी नव्हतं."

"तेच म्हणतो मी."

रविवार, २६

निवड झाली. जागा माझी.

चिमणी जुन्याच नळीने मारत होती. शेवटपर्यंत वाट पाहिली, नवी काही निघाली नाही. उभ्याच्या फेरीत ती माझ्या मागे पडली, थोडक्यात. माझा हात अगदी दगडासारखा होता. सेक्रेटरींनी हात मिळवला, गोड बोलायचा प्रयत्न केला. चिमणीने येऊन मिठी मारली. डोळे ओले होते तिचे. हरल्यावर एवढा आनंद?

हे घरी वाट बघत होते. कळल्यावर भाऊजींना फोन लावून म्हणाले, "जमलं रे." मी दारातच होते. काय जमलं?

आनंद व्हायला हवा. होत नाही.

सोमवार, २७

आज गज घातला.

खोली बंद केली, रायफलीची खीळ काढून ठेवली. गज मागच्या बाजूने घालायचा, ही पद्धत. नळीच्या तोंडासमोर तोंड न्यायचं नाही, हत्यार रिकामं असलं तरी नाही. हे मी शेकडो लोकांना शिकवलं आहे आणि स्वतः कधी मोडलेलं नाही. त्यामुळे त्या कड्यातून आत बघायचा विचारही मला शिवला नव्हता.

गजाची चिंधी नळीत घट्ट बसते. नळी संपेपर्यंत हाताला ओढ लागते आणि तोंडाशी सुटते. आज ती मध्येच सुटली. गजाचा मोठा हिस्सा अजून माझ्या हातात होता आणि चिंधी मोकळी फिरत होती, जणू आत नळी नाहीच. मी मागे ओढला, पुन्हा घातला. तिथेच सुटली. मग गज तिथवर घालून खूण केली आणि बाहेर काढून मोजला.

सतरा. पुढचं सगळं पोकळ नळकांडं. काळ्या रंगात केसाएवढी सांध्याची रेघ आहे, मला ती ओरखडा वाटली होती.

माझी नळी भाऊजींनी कापली.

बसून राहिले. मग अहवाल लिहिला. परवान्यावर सव्वीस इंच आहे. परवान्याच्या कागदाबाहेरचा बदल दिसला की खोलीच्या जबाबदार व्यक्तीने परवाना कचेरीला कळवायचं, हा नियम मी स्वतः भिंतीवर लावला आहे. दस्त्यावर लाकडाचा एक तुकडा वाढवला म्हणून मी एका सभासदाला बाहेर काढलं होतं, तो रडला तरी. दिराचा नियम वेगळा नाही. कारागिराचं नाव लिहिलं, दुकानाचा पत्ता लिहिला. "कारण" या रकान्यात "निवडीआधी हत्यार निकामी करण्याचा हेतू" असं लिहिलं आणि तिथे लेखणी अडली. निकामी केलेल्या हत्याराने मी निवड जिंकले होते.

तरी पाकीट बंद केलं. पर्समध्ये आहे. ज्याच्यावर आरोप त्याला आधी विचारायचं असतं, म्हणून उद्या दुकान. नंतर कचेरी.

मंगळवार, २८

सकाळी दुकान उघडत होतं. भाऊजी होते, चिमणी आतल्या बाकावर काहीतरी घासत होती. मी रायफल ठेवली, तिच्यावर पाकीट ठेवलं.

"माझी नळी कापलीत."

भाऊजींचा चेहरा उतरला. पाकिटावर कचेरीचं नाव होतं. ते त्यांनी वाचलं, पण पाकिटाला हात लावला नाही.

"वहिनी, रागवा. पण सगळं ऐकून रागवा." आतून तेलकट फडक्यात गुंडाळलेलं लांबट काहीतरी आणलं आणि बाळ दाखवावं तसं माझ्यासमोर उलगडलं. माझी नळी होती ती. सबंध. "कापीन मी ही? हिला करवत लावायच्या आधी मी बोट कापून घेईन. काढून ठेवलीय फक्त."

"मग हिच्यावर बसवलीय ती कोणाची?"

बाकावरचं घासणं थांबलं.

"माझी," चिमणी म्हणाली.

"तू सहा महिने जिच्यासाठी…"

"हो."

"आणि जुन्या नळीवर निवडीला उभी राहिलीस?"

"तुम्हीच म्हणालात ना काकू, आहे त्यावर नीट मार."

"थट्टा नको. कारण सांग."

तिने बापाकडे बघितलं. बापाने छताकडे. शेवटी तीच म्हणाली, "काकू, पाचव्या गोळीनंतर तुमचा डावा हात खाली येतो. मी मागून बघते ना. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही खेळणंच सोडलं असतं. काकांनाही तेच वाटलं."

"काकांना?"

"दादाच आला होता माझ्याकडे," भाऊजी म्हणाले. "तुम्ही रायफल देऊन गेलात त्याच संध्याकाळी. म्हणाला, तिला बादली उचलवत नाही आणि ती म्हणते बादलीत कोणीतरी शिसं भरलंय."

मला हसू आलं असतं, पण प्रसंग तसा नव्हता. "परवाना जाईल तुमचा, माहीत होतं?"

"माहीत होतं."

"तरी?"

"तुम्ही बाहेरून मोजता हेही माहीत होतं." मग एकदम घाईने, "माझी चूक आहे वहिनी. कागद आधी करायला हवे होते. पण कागदावर तुमची सही लागते, आणि सही मागायची तर सांगावं लागतं."

पाकीट पर्समध्ये परत टाकलं आणि घरी आले. कचेरी वाटेतच आहे. दार उघडं होतं.

घरी हे कपडे वाळत घालत होते.

"मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

मी चिमट्यांचा डबा त्यांच्यापुढे धरला.

"तेच," हे म्हणाले आणि चिमटा लावला.

बुधवार, २९

डॉक्टरीणबाई तरुण आहे. हात वर करा म्हणाली. उजवा गेला. डावा कानापर्यंत गेला. "किती दिवस झाले?" विचारलं. यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "हिवाळा लागल्यापासून." हे खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

व्यायाम दिला आहे. बरा होईल, सावकाश, असं तिचं मत. मला वाटतं लवकर होईल.

शुक्रवार, ३१

आज जे दिलं त्याची नोंद.

आखूड नळी, नळकांड्यासह, चिमणीला. भाऊजींनी ती माझ्यासमोर काढली आणि तिच्या रायफलीवर चढवली. तिने आणि त्यांनी कचेरीत रीतसर अर्ज दिला. माझी लांब नळी माझ्या रायफलीवर परत. मी गज घालून खात्री केली, दोन्हींची. आता दोन्ही हत्यारं आपापल्या कागदाप्रमाणे आहेत.

संघातली जागा चिमणीला. ती नको म्हणत होती. "परक्या नळीने मिळवलेली जागा मी घेत नाही, आणि परतही मागणार नाही," एवढं सांगितल्यावर तयार झाली. पोरीचा डावा कोपर अजून बाहेर जातो. स्पर्धेपर्यंत तो आत आणायचा आहे, ते काम माझं.

अहवाल भाऊजींना, बंद पाकिटात. "उघडू?" म्हणाले. "तुमचा आहे. शेगडीत उघडा." नक्कल ठेवलेली नाही.

शस्त्रखोलीची किल्ली सेक्रेटरींना. "मॅडम, अचानक?" म्हणाले. ज्याने बघितलं आणि कळवलं नाही त्याच्याकडे किल्ली असू नये, हे खरं कारण. "कंटाळा आला," असं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता. भिंतीवरचा नियम तसाच आहे. त्याच्या खाली सुचवलं आहे की नळी आतूनही मोजावी.

राहिली माझी रायफल. ती पेटीत बंद केली. पेटीची जागा सर्वांत वरच्या फळीवर. चिमणी शेजारी उभी होती, हात पाठीमागे बांधून, मी शिकवलं आहे तशी: दुसऱ्याच्या हत्याराला मालकाने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. ती फळीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

मी एकदा पेटी उचलली. खाली ठेवली.

"घे," म्हटलं. "वर ठेव."

तिने ठेवली.